‘८१९२’चा मोह

दिवाळी अंकांची कामं वाटली जाऊ लागली की आमच्याकडे ठरलेला प्रश्न येतो: स्वस्तात कोणता टॅबलेट घ्यावा? विचारणाऱ्याने बहुधा एखादी जाहिरात पाहिलेली असते आणि तिच्यात एक आकडा ठळक केलेला असतो. प्रेशर लेव्हल्स ८१९२. आता तर १६,३८४ सुद्धा. रेघेवर पोट असणाऱ्या माणसांनी तरी या आकड्याला भुलू नये.

पेनावरचा दाब किती पायऱ्यांत मोजला जातो, एवढंच तो सांगतो. वॅकॉमच्या स्वस्तातल्या ‘वन बाय वॅकॉम’ला २०४८ पायऱ्या आहेत आणि चित्रकाराला त्या पुरून उरतात. हाताला जाणवतं ते वेगळंच: किती हलक्या स्पर्शाला रेघ उमटू लागते. दाबल्याशिवाय पेन बोलतच नसेल, तर पेन्सिलीसारखी फिकी छटा किंवा रेघेचं निमुळतं टोक जमायचं नाही, मग पायऱ्या कितीही असोत. खोक्यावर ही गोष्ट सहसा छापलेली नसते.

ती दुकानातच तपासावी लागते. ॲपमधलं स्टॅबिलायझर आधी बंद करा, नाहीतर ते दोष झाकतं. मग टॅबलेटवर पट्टी ठेवून तिच्या कडेने तिरकी रेघ ओढा, अगदी सावकाश. रेघ नागमोडी आली तर बोल हाताला लावू नका, पट्टी होतीच. भरभर ओढलेल्या रेघेत हा थरथराट लपतो. (विक्रेता झोकदार सही करून दाखवतो ती उगाच नव्हे.)

सुलेखनकारांनी तर दाबाच्या पायऱ्यांची फिकीर सोडूनच द्यावी. बोरूने देवनागरी लिहिताना जाड-बारीक येतं ते तिरक्या कापामुळे आणि कोन न बदलता टाक धरल्यामुळे. क्रितासारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चपट्या टोकाचा ब्रश घ्या, त्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास कायम करा आणि जाडीचा दाबाशी असलेला संबंध तोडा. साध्यातल्या साध्या पेनानेही ‘श्री’ नीट वळते. कॉपरप्लेट करणाऱ्यांचं मात्र सगळं गणित दाबावर असतं. त्यांनी हलक्या स्पर्शाची परीक्षा कडक घ्यावी.

घरी बरा संगणक असेल तर पडद्याविना पेन टॅबलेट हाच आमच्या मते शहाणा खर्च. नजर मॉनिटरवर आणि हात टेबलावर, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण पडतं. फक्त आकारात काटकसर करू नका. सुमारे १५ सेंटिमीटर रुंदीच्या छोट्या टॅबलेटवर हात जरासा हलला, तर २४ इंची मॉनिटरवर ती हालचाल साडेतीन पट होते आणि सगळं काम मनगटावर येतं. १० इंच रुंदीचा टॅबलेट घेतला तर हेच प्रमाण दुपटीवर येतं. ह्युऑन, एक्सपी-पेन यांच्याकडे या मापाचे टॅबलेट परवडणाऱ्या किमतीत असतात. जोडल्यावर एक वर्तुळ काढून पाहा. अंडाकृती आलं तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये टॅबलेट आणि पडदा यांचं प्रमाण जुळवून घ्या.

संगणक नसेल तर प्रश्न खर्चिक होतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस६ लाइटबरोबर पेन खोक्यातच येतं, दाब ओळखतं आणि चार्जिंगही मागत नाही. आयपॅडवर प्रोक्रिएट आहे, एकदाच पैसे भरून मिळतं, हे आकर्षण खरं. पण २०२३ साली आलेल्या स्वस्त, यूएसबी-सीच्या ॲपल पेन्सिलला दाब मुळीच कळत नाही. टिपणं काढायला ती ठीक. चित्रकाराने पैसे वाचवायला ती घेतली की फसला. आपल्या आयपॅडला दाब ओळखणारी कोणती पेन्सिल चालते, हे आधी पाहावं आणि दोन्हींची बेरीज करूनच किंमत ठरवावी.

मुखपृष्ठं करणाऱ्यांनी मेमरीही विचारावी. ३०० डीपीआयला ए३ म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. एकेक लेयर साधारण ७० एमबी खातो. ४ जीबी रॅमच्या टॅबलेटवर लेयर्स लवकर संपतात, मग मजकुराची जागा मोकळी ठेवून केलेलं चित्र सपाट करून पुढे जावं लागतं आणि संपादकाने ‘मागचं झाड जरा डावीकडे’ म्हटलं की पंचाईत होते.

आणि बिल करण्यापूर्वी सुट्या निब मिळतात का, पेन हरवलं तर नुसतं पेन केवढ्याला, हेही विचारून घ्या. मॅट स्क्रीनगार्ड लावणार असाल तर निब जरा जास्तच घेऊन ठेवा.