वावरातले जंतू आणि आपले औषध

मृगाची पहिली सर पडली की मातीचा जो वास सुटतो, तो बराचसा मातीतल्या जीवाणूंचा असतो. स्ट्रेप्टोमायसेस जातीचे हे जीवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. दवाखान्यात हे सांगितले तर लोक हसतात. पण याच जातीच्या जीवाणूंपासून स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही औषधे मिळाली, तर त्यांच्या भाऊबंदांपासून एरिथ्रोमायसिन आणि क्षयावरचे रिफाम्पिसिन.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. पण असे काम फक्त परदेशातच झाले असे समजू नका. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. तेथे डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक जीवाणू वेगळा केला आणि त्याला गावाचे नाव दिले, स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. त्यापासून मिळालेले बुरशीनाशक औषध म्हणजे हॅमायसिन. त्याची माहिती १९६१ साली प्रसिद्ध झाली. भारतात शोधल्या गेलेल्या पहिल्या प्रतिजैविकांत त्याची गणना होते.

हे काम दिसायला साधे आहे. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचे, आणि थेंबभर घेऊन जेलीसारख्या खाद्यावर पसरायचे. काही दिवसांत जीवाणूंचे ठिपके उगवतात. एखाद्या ठिपक्याभोवती दुसरे जंतू वाढेनासे झाले, तेथे स्वच्छ कडे दिसले, की संशोधकाचे डोळे चमकतात. मात्र अशी हजारो कडी तपासावी तेव्हा एखादे औषध माणसाला चालते. बाकीची एक तर विषारी निघतात, नाही तर आधीच सापडलेली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जो जीवाणू हे औषध बनवतो, तो स्वतः त्याने मरत नाही. स्वतःला वाचवण्याची युक्ती त्याच्या अंगी असते. अशा युक्त्या एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. आपण औषध जितके उधळू, तितके ती युक्ती असलेले जंतू माजतात.

आणि उधळण्यात आपण काही कमी नाही. गेल्या हंगामात एक कास्तकार खोकला घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "डाक्टरसाहेब, पऱ्हाटी लाल पडून राह्यली. दुकानदारानं पुडी देल्ली, दोन फवारे मारले, काही फरक नाही." पुडी स्ट्रेप्टोसायक्लिनची होती. म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन नऊ भाग, टेट्रासायक्लिन एक भाग. हे कपाशीच्या जीवाणूजन्य करप्यावर मारतात. लाल्या हा जंतूंचा रोगच नव्हे. तो बहुधा नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडल्याने येतो. ज्या स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने मी क्षयाच्या रुग्णांना दिली, ते वावरात काही कारण नसताना ओतले गेले.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने या औषधांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. माझ्या मते नुसत्या मसुद्यालाच फार उशीर झाला. माणसाच्या क्षयाला लागणारे औषध पिकावर मारायचेच कशाला? करप्यासाठी बीजप्रक्रिया आहे, ताम्रयुक्त औषधे आहेत.

पण कास्तकाराला नावे ठेवण्याआधी मी माझ्याकडे पाहतो. साध्या सर्दीला, जी विषाणूंमुळे होते आणि जिला प्रतिजैविक लागूच पडत नाही, मी कॅप्सूल लिहिलेली आहे. एकदा नव्हे, कैक वेळा. कारण बाहेर रांग असते, रुग्ण म्हणतो "जरा कडक द्या", आणि न दिल्यास तो समोरच्या दवाखान्यात जातो. शिवाय लिहिलेल्या पाच दिवसांतले दोनच दिवस घेऊन उरलेल्या गोळ्या देवळीत ठेवणारेही आपणच, आणि पुढच्या तापाला त्याच शेजारणीला देणारेही आपणच. क्षयाचा रुग्ण दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सहा महिन्यांचे औषध सोडतो, तेव्हा तर त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांना धोका असतो.

त्या दिवशी कास्तकाराची छाती तपासली, थुंकी तपासायला पाठवली आणि प्रतिजैविक लिहिले नाही. तो नाराज होऊन गेला. थुंकीत काही निघाले नाही. आठवड्याने बाजारात भेटला तेव्हा खोकला गेला होता. पऱ्हाटीचे विचारले तर म्हणाला, "ते तशीच हाय."