तुणतुण्याचा पासपोर्ट

"पाच जण या," असं यूएईतल्या एका मराठी मंडळानं कळवलं आणि आमच्या पार्टीत एकदम शांतता पसरली. कारण आम्ही नऊ. गाणारे दोघं, एक बाई आणि एक बाप्या. पेटीवर मी. ढोलकी, संबळ, तुणतुणं, झांज. शिवाय खामगावच्या कॉलेजातली दोन पोरं, एक की-बोर्डवर, दुसरा ऑक्टोपॅडवर. पोरं या सगळ्याला 'बँड' म्हणतात, आम्ही जुनी माणसं 'पार्टी' म्हणतो, सुपारी देणाऱ्याला दोन्ही चालतं.

गणेशोत्सवातले दोन कार्यक्रम, तिकीट आणि राहणं त्यांचं. गाणारे दोघं, ढोलकी, की-बोर्ड आणि हिशेबाला गुरुजी, म्हणजे मी, अशी यादीही त्यांनीच करून दिली होती. बाकीचं ट्रॅकवर वाजवा, असं फोनवर अगदी प्रेमानं सांगितलं. त्यांचंही चुकत नव्हतं. वर्गणीतून तिकिटं काढणाऱ्याला प्रत्येक माथा मोजावाच लागतो.

आमचा तुणतुणेवाला ओट्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, "तुमी जा गुरुजी. तुनतुन्याले कोन इचारते तिकडं?"

आता मी माझंच तुणतुणं वाजवतो आहे असं कुणी म्हणेल, तर म्हणो. ज्याला एकच तार आहे आणि ज्याच्यावर कधी टाळी पडत नाही, ते वाद्य काढून टाकलं की गोंधळाच्या गाण्याचा पाट निघून जातो. गाणारा वर चढून परत येतो तेव्हा त्याला टेकायला ती तार लागते. पेनड्राइव्हमधली तार थांबत नाही, त्याच्यासाठी थोडी रेंगाळत नाही. आमचा गायक कधी कधी एक ओळ चारदा घोळवतो. ट्रॅकला ते कुठून कळणार?

जब्बार पटेलांचं 'घाशीराम कोतवाल' 1980 साली युरोपच्या दौऱ्यावर निघालं, तेव्हा केवढा विरोध झाला आणि प्रकरण कोर्टापर्यंत कसं गेलं, हे आमच्या पिढीनं पेपरात वाचलेलं आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट आठवते. त्या नाटकाचा पडदा माणसांचा होता. ओळीनं उभी राहून गाणारी, डोलणारी, पाठ फिरवणारी ती भिंत. खर्च वाचवायचा म्हणून भिंत पुण्यात ठेवली असती आणि एकटा नाना फडणवीस विमानात बसवला असता, तर तिकडच्या लोकांनी काय पाहिलं असतं?

म्हणून आम्ही कळवलं, नऊ येतो, चौघांचं तिकीट आमचं आम्ही काढतो. उन्हाळ्यात लग्नाच्या जास्तीच्या सुपाऱ्या घेतल्या, दोन जागरण-गोंधळ केले आणि पैसा उभा राहिला. मला वाटलं, अवघड ते संपलं.

अवघड पुढंच होतं. नऊ जणांत पासपोर्ट एकाकडे, की-बोर्डवाल्याकडे. गाणाऱ्या बाईंच्या आधारवर सासरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. झांजवाल्याच्या कागदांवर नुसतं नाव, आडनावच नाही. यूएईनं नोव्हेंबर 2022 पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिसा देणं बंद केलंय, हे मला आमच्या ऑक्टोपॅडवाल्यानं सांगितलं. म्हणजे आधी आडनाव कागदावर आणा. तुणतुणेवाला सेहेचाळीस वर्षांचा, दहावी नापास, म्हणून त्याच्या पासपोर्टवर इसीआर, म्हणजे आखातासह अठरा देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी. आमचा संबळवाला तर सातवीतूनच सुटलेला, पण वय अठ्ठावन्न. पन्नाशी ओलांडलेल्याला ही अट नाही. त्या दिवसापासून तो तुणतुणेवाल्याला "लहान हाय अजून" म्हणून चिडवतो.

फॉर्मवर व्यवसाय काय लिहायचा, यावर आमच्याकडे एक संध्याकाळ गेली. संबळवाला म्हणाला, शेतमजूर लिहा. त्याच्या बापानं जन्मभर गोंधळ घातला. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याची व्याख्या मी एकदा वाचली होती. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा बहाण्यानं सार्वजनिक जागी भिक्षा घेणं ही भीकच, असं त्यात आहे. 'बहाणा' या शब्दापाशी मी तेव्हा अडलो होतो. मी त्याला हे सांगितलं नाही. फॉर्मवर 'कलावंत' लिहिलं.

छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये. आठ जणांचे 12,000. दौऱ्याची बातमी फुटली तेव्हा आमच्या अभिनंदनाचे जेवढे फ्लेक्स चौकाचौकात लागले, तेवढ्यात हे भागलं असतं. फ्लेक्स लावणाऱ्यांचा मान ठेवून सांगतो, आमच्या फोटोपेक्षा त्यांचे फोटो मोठे होते. सत्काराची शाल, श्रीफळ, सगळं घेतलं. पण कलावंताला परदेशी पाठवायचंच असेल, तर बोलावणं यायच्या आधी त्याच्या हातात कागद हवा. गावोगाव आधारचे कॅम्प लागतात, डोळे तपासायचे लागतात. एखाद्या नगरपालिकेनं, एखाद्या पतसंस्थेनं नावदुरुस्तीचा आणि पासपोर्टचा कॅम्प फक्त वाजवणाऱ्यांसाठी लावून बघावा. मेहकरपासून जळगाव जामोदपर्यंत रांग लागेल. व्हिसा आठवड्यात मिळतो. दाखल्यावरचं चुकलेलं नाव सरळ व्हायला महिने जातात, आणि तोवर बोलावणारे दुसऱ्या कुणाला बोलावतात. ते दुसरे बहुतेक पुण्या-मुंबईचे असतात. त्यांची ढोलकी आमच्यापेक्षा बरी वाजते असं नाही, त्यांचे पासपोर्ट कपाटात तयार असतात.

असो. आता बांधाबांध चालू आहे. माणशी 23 किलो. कापसाच्या व्यापाऱ्याकडच्या काट्यावर रोज संध्याकाळी काहीतरी नेऊन ठेवतो, लोक गंमत बघायला जमतात. पेटीचा भाता पट्ट्यानं आवळून ती दोन गोधड्यांत गुंडाळली. गोधडीचं वजन मी धरलंच नव्हतं, म्हणून माझे सदरे दोनवर आले. ढोलकीच्या पुड्या उतरवून ठेवायच्या, कारण विमानाच्या पोटातली थंडी कातड्याला कळते आणि ताणलेली शाई तडकली तर तिकडं भरून देणारा शोधायचा कुठं? दोन पुड्या जास्तीच्या घेतल्या. तुणतुण्याची खुंटी सैल केली, तारेचं वेटोळं वेगळं. हातोडी हातातल्या पिशवीत चालत नाही, ती खालच्या सामानात. टाळ-झांजा सदऱ्यांत गुंडाळल्या तरी वाजतातच. संबळवाला आपलं संबळ कुणाच्या हाती द्यायला तयार नाही, मांडीवर घेऊन बसतो म्हणतो. त्याला एसटी आणि विमान यांतला फरक समजावून सांगायचं काम पोरांकडे दिलंय.

औषधांची पिशवी मी स्वतः तपासली. घशाला म्हणून गायकानं खोकल्याची बाटली घेतली होती, तिच्यात कोडीन निघालं. असली औषधं तिकडं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. आणि परवा तुणतुणेवाल्याच्या घरून डबा आला, सगळ्यांना पुरतील एवढे अनारसे. वास घेतला आणि पोटात गोळा आला. अनारशावर खसखस. यूएईत खसखस अमली पदार्थांत मोडते, दाण्यादाण्यावरून माणसं अडकलेली आहेत. काळ्या मसाल्याची पुडीही त्याच कारणानं बाहेर काढली. हे त्या माउलीला सांगायला मी स्वतः गेलो. तिनं डबा परत घेतला, काही बोलली नाही. तिचा नवरा आतून म्हणाला, "आमच्याच डब्यात खोट निंगते पाहा. पासपोर्टात बी, अनारशात बी."

काल नवा डबा आला. अनारसे या वेळी तिळावर थापलेत. खालच्या बाजूला थोडे करपले आहेत, पण मी दोन खाल्ले. काट्यावर डबा ठेवला तेव्हा तुणतुणेवाल्याची पिशवी 14 किलोच भरली. उरलेल्या नऊ किलोत माझे सदरे बसवतो म्हणाला.