रंग काचेत की काचेवर?

मधाची किंवा सरबताची रंगीत बाटली रिकामी झाली, तरी ती सहसा फेकली जात नाही. घासूनपुसून ती फडताळात जाते आणि पुढे तिच्यात लोणचे, चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस भरला जातो. अशा वेळी एक प्रश्न विचारायला हवा. हा रंग काचेत आहे की काचेवर?

औषधाच्या नेहमीच्या तपकिरी बाटलीत रंग काच वितळवतानाच तयार होतो. लोह, गंधक आणि कार्बन यांमुळे येणारा हा रंग खरवडून निघत नाही. तो अतिनील आणि निळा प्रकाश बऱ्याच अंशी अडवतो. त्यामुळे प्रकाशाने बिघडणारी औषधे अशा बाटलीत ठेवतात.

शोभेच्या अनेक बाटल्यांची गोष्ट वेगळी असते. मूळ काच पारदर्शक असते आणि रंग बाहेरून चढवला जातो. फवारलेला सेंद्रिय रंग भट्टीत माफक उष्णतेवर पक्का करतात. इनॅमल म्हणजे काचेची रंगीत पूड. ती पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास काचेवर वितळवतात. कारखानदाराला यात सोय आहे, कारण थोड्या बाटल्यांसाठी भट्टीतल्या सगळ्या काचेचा रंग बदलावा लागत नाही.

अडचण इनॅमलच्या घटकांत आहे. पूड कमी तापमानाला वितळावी म्हणून पूर्वापार शिसे वापरले गेले, तर भडक लाल, केशरी आणि पिवळ्या छटांसाठी कॅडमियम. चित्रांच्या रंगात कॅडमियम आढळल्याने २०१० मध्ये अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने सुमारे १ कोटी २० लाख ग्लास परत मागवले होते. ब्रिटनमधील प्लीमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी ७२ नव्या-जुन्या काचेच्या वस्तू तपासल्या, तेव्हा त्यांवरच्या अनेक रंगांत शिसे आणि कॅडमियम सापडले. काही वस्तूंवर तर हा रंग थेट ओठ लागतात त्या काठावर होता.

म्हणून घाबरून सगळ्या बाटल्या फोडायचे कारण नाही. रंग बाहेर आणि पदार्थ आत असतो, आणि मधली काच रंगाला आत येऊ देत नाही. धोका असतो तो काठावर, झिजलेल्या रंगात आणि आंबट पदार्थाच्या संपर्कात. प्रयोगशाळेतही अशी भांडी ४ टक्के ॲसेटिक आम्लात, म्हणजे जवळपास व्हिनेगरमध्येच, २४ तास ठेवून तपासतात. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे.

भारतात घरगुती आणि शोभेच्या रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. भिंतीच्या रंगाबाबत दाखवलेली ही दक्षता खाण्यापिण्याच्या बाटलीबाबतही हवी. रंग काचेत आहे की काचेवर आणि तो शिसे-कॅडमियममुक्त आहे का, हे उत्पादकाने लेबलवर छापावे. तोंडापासून खाली दोन सेंटीमीटर काच कोरी ठेवावी. त्यासाठी लागणारा खर्च फार नाही.

तोवर घरचा नियम सोपा ठेवावा. काठावर रंग असलेली किंवा पोपडे निघणारी बाटली फुलांसाठी वापरावी. लोणच्यासाठी साधी, कोरी बरणीच बरी.