नाडी कोणाच्या हाती?

सकाळच्या पाळीच्या वेळी तळवड्याच्या चौकात क्षणभर उभे राहावे. एका बाजूस सॉफ्टवेअर पार्ककडे वळणाऱ्या मोटारी, दुसऱ्या बाजूस लहानमोठ्या वर्कशॉपांकडे दुचाकीने वा पायी निघालेले कामगार. या दोन वर्गांच्या पगारांत मोठे अंतर आहे. पण एक वस्तू दोघांच्याही खिशात आहे, ती म्हणजे मोबाईल. तो आपल्या धन्याची पावले मोजतो, झोपेचे तास टिपतो, मनगटावरील घड्याळाच्या साह्याने नाडीचे ठोकेही नोंदवितो. प्रश्न एवढाच की, हा नोकर चाकरी नेमकी कोणाची करतो?

आरोग्याच्या या ॲपांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मधुमेही माणसाला औषधाची वेळ आठवून देणारे, रात्रपाळी करणाऱ्याला त्याची झोप किती मोडली हे दाखविणारे साधन उपकारकच म्हटले पाहिजे. परंतु डॉक्टरपुढे रोगी मन मोकळे करतो ते डॉक्टर गुपित राखील या भरवशावर. ॲपने असा कोणता वसा घेतला आहे? स्त्रियांच्या मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या 'फ्लो' या ॲपने, गुप्ततेचे आश्वासन देऊनही, ती नाजूक माहिती फेसबुक व गूगल यांच्यापर्यंत पोहोचू दिली, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने केला आणि २०२१ मध्ये कंपनीला तडजोड पत्करावी लागली.

औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाला आणखी एक धार येते. येथे 'ॲप घ्या' म्हणणारा कित्येकदा पगार देणाराच असतो. पावलांच्या स्पर्धा, 'वेलनेस' योजना, चालणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सवलत, हे सारे ऐकावयास गोड आहे. पण ज्याचा रक्तदाब चढा आहे, ज्याची झोप उडाली आहे, जिला दिवस गेले आहेत, त्यांची नोंदही त्याच वहीत उतरते. बढतीच्या वा कपातीच्या वेळी ती वही कोणाच्या टेबलावर असेल? 'संमतीचे बटण तुम्हीच दाबले होते' हे उत्तर पुरेसे नाही. ज्याच्या हाती आपली भाकरी, त्याला 'नाही' म्हणण्याची सोय नसेल, तर 'हो' म्हणण्यालाही काही मोल उरत नाही.

याचा अनुभव आपण घेतलेला आहे. २ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतू' ॲप आले ते ऐच्छिक म्हणून. १ मेच्या केंद्रीय आदेशाने ते सर्व सरकारी व खाजगी नोकरदारांस सक्तीचे केले आणि त्याची जबाबदारी आस्थापनाप्रमुखांवर टाकली. या सक्तीस कायद्याचा आधार नाही, असे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी स्पष्ट बजावले. १७ मे रोजी आदेशाची भाषा मवाळ झाली. साथ भयंकर होती, हे खरे. पण ऐच्छिक गोष्ट सक्तीची होण्यास महिनाही पुरतो, हा धडा विसरता येत नाही.

ॲपचा जन्मही झाला नव्हता तेव्हा मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला होता. रक्ततपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला म्हणून एका सार्वजनिक उपक्रमाने आपल्या हंगामी कामगाराला काम नाकारले. माणूस काम करण्यास समर्थ असेल व त्याच्यापासून इतरांस धोका नसेल, तर केवळ या कारणास्तव त्याची रोजी काढता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. त्याचे नावही गुप्त राखले. त्या कामगाराची तपासणी तेवढ्यापुरती झाली होती. आजच्या कामगाराची ती अष्टौप्रहर चालू आहे.

श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या मसुद्यात आरोग्याची माहिती 'संवेदनशील' गणून तिला वेगळे संरक्षण दिले होते. २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षण कायद्यात तो वेगळा वर्ग उरला नाही. उलट 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' संमतीवाचूनही माहिती वापरण्याची वाट मालकवर्गाला मोकळी ठेवली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले, त्यांतही मुख्य तरतुदींस १८ महिन्यांची सवड दिली. कुंपण घालण्यापूर्वीच शेत चरले जावे, असा हा प्रकार आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जे बंधन डॉक्टरवर तेच ॲपवर हवे. कोणाचीही व्यक्तिशः आरोग्यनोंद मालकाच्या वा विमा कंपनीच्या हाती पडता कामा नये. नकार देणाऱ्याचे कसलेही नुकसान होता कामा नये. संमतीचा मजकूर मराठीतही वाचावयास मिळण्याची तरतूद कायद्यात आहेच. ती वर्कशॉपातील कामगारापर्यंत पोहोचली पाहिजे. आणि ही ॲपे ज्यांच्या बुद्धीतून उतरतात, त्या सुशिक्षित वर्गाने आपण लिहितो ती आज्ञावली उद्या कोणाची वही भरणार, हे स्वतःस विचारले पाहिजे.

मनगट आपले, नाडी आपली. ती दुसऱ्याच्या हाती द्यावयाची ती वैद्याच्या, धन्याच्या नव्हे.