घर सोडताना डिपॉझिट कापलं? कुठली कपात योग्य, कुठली नाही. पैसे परत कसे मागाल?

अंबाजोगाईतलं एक उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण हिशेब अनेकांना ओळखीचा वाटेल. दोन खोल्यांचं घर, भाडं महिना ६,००० रुपये, डिपॉझिट २०,००० रुपये. भाडेकरू तीन वर्षं राहिला, बदली झाली म्हणून २० दिवस आधी लेखी कळवून घर सोडलं. चावी देताना घरमालकाने हातात ठेवले फक्त ३,००० रुपये. बाकीचा हिशेब असा:

• रंगकाम : ८,००० रुपये
• टीव्हीसाठी भिंतीला पाडलेली भोकं बुजवणं : ९०० रुपये
• नळ आणि स्विच बदलणं : ६०० रुपये
• साफसफाई : १,५०० रुपये
• महिनाभराची नोटीस दिली नाही म्हणून एक भाडं : ६,००० रुपये

एकूण कपात १७,००० रुपये. वैद्यकीय महाविद्यालयामुळे अंबाजोगाईत, औष्णिक वीज केंद्रामुळे परळीत आणि सरकारी कार्यालयांमुळे बीडमध्ये बाहेरगावच्या लोकांची ये-जा कायम असते. घर सोडताना बहुतेकांची गडबड असते. टेम्पो दारात उभा असतो आणि वाद नको म्हणून मिळेल ते घेऊन माणूस निघतो. पण या हिशेबातली प्रत्येक ओळ तपासता येते.

डिपॉझिट नेमकं कुणाचं?

भाडेकरूचं. घरमालकाकडे ती रक्कम अनामत असते. तिचं नावच तसं आहे. थकलेलं भाडं, न भरलेलं वीजबिल किंवा भाडेकरूने केलेलं नुकसान एवढ्यासाठीच त्यातून पैसे वळते करता येतात. नुकसान झालं असं म्हणणाऱ्याने ते दाखवायचं असतं.

करारात ‘अमुक केलं तर पूर्ण डिपॉझिट जप्त’ असं लिहिलेलं असलं, तरी विषय तिथे संपत नाही. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ७४नुसार करारभंग झाला तर वाजवी भरपाईच मिळते. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बाळकिशन दास या खटल्यात हेच तत्त्व लावलं. तो वाद भाड्याचा नव्हता, दिल्लीतल्या मालमत्तेच्या विक्रीचा होता. व्यवहार मोडल्यावर विकणाऱ्याने २५,००० रुपये ठेवून घेतले होते. न्यायालयाने बयाण्याचे १,००० रुपये ठेवू दिले. उरलेले २४,००० रुपये दंड म्हणून जप्त करणं मान्य केलं नाही.

रंगाचे पैसे कुणी द्यायचे?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम १०८नुसार भाडेकरूने घर जसं घेतलं तसं परत द्यायचं असतं, मात्र रोजच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात आधी करारातला मजकूर पाहावा लागतो. अशा अनेक करारांतही नैसर्गिक झीज वगळल्याचं वाक्य असतं.

तीन वर्षांत रंग फिका पडणं ही झीज आहे. भिंतीला भोकं पाडणं, फरशी फोडणं, दाराची कडी मोडणं हे नुकसान.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात तर कामांची वाटणीच केली आहे. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, जलवाहिन्या आणि मुख्य वायरिंग घरमालकाकडे. नळ, स्विच-सॉकेट, कुलपं, खिडकीच्या काचा आणि तुंबलेली मोरी भाडेकरूकडे. राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, अशी मर्यादाही त्यात आहे. मात्र हा केंद्राचा नमुना आहे; राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. महाराष्ट्रात भाड्याचा स्वतःचा कायदा आहे. त्यामुळे ही यादी बोलणी करताना दाखवा, पण ‘कायद्यानेच दोन महिने’ असा दावा करू नका.

‘११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हे खरं का?

महाराष्ट्रात खरं नाही. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ११ महिन्यांची पद्धत पडली. बीड जुन्या हैदराबाद संस्थानातलं, त्यामुळे इथे आधी हैदराबादचा १९५४चा भाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याच्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो.

नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं. मुद्रांकावर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. हा कायदा परिशिष्टात दिलेल्या भागांना लागू आहे, त्यामुळे घर खेड्यात असेल तर आधी तेवढं तपासून घ्या.

खर्चाची भीतीही मोठी नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं ६६,००० रुपये, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज साधारण १,८३३ रुपये. या बेरजेवर शुल्क येतं सुमारे १७० रुपये. नोंदणी फी वेगळी. नोंदणी ऑनलाइनही होते.

मग त्या २०,००० रुपयांचं काय?

आता तोच हिशेब पुन्हा मांडू. भोकांचे ९०० आणि नळ-स्विचचे ६०० रुपये बिल दाखवलं तर देण्यासारखे आहेत. तीन वर्षांनंतरचं रंगकाम भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. घर झाडून-पुसून दिल्याचा व्हिडिओ असेल तर साफसफाईचे पैसेही नाहीत. नोटिशीची अट लेखी करारात नसेल, तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला कायद्याने १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते. इथे २० दिवस दिले होते. म्हणजे योग्य कपात १,५०० रुपये आणि परत मिळायला हवेत १८,५०० रुपये. करारात महिन्याची नोटीस लिहिली असेल, तर मात्र ६,००० रुपयांबाबत घरमालकाची बाजू भक्कम होते.

पैसे देत नसतील तर काय कराल?

१. कपातीचा तपशील आणि बिलं लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली तरी चालेल, पण संदेश पुसू नका. न्यायालयात ते द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

२. उत्तर नाही आलं, तर रक्कम आणि मुदत लिहून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पोचपावती जपा.

३. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना वकीलही मोफत मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००.

४. शेवटचा मार्ग दिवाणी दावा. पैसे वसुलीसाठी मुदत तीन वर्षांची आहे. दोन-पाच हजारांसाठी मात्र तारखांचा खर्चच जास्त होऊ शकतो, म्हणून आधीचे तीन टप्पे महत्त्वाचे.

डिपॉझिटचा वाद साधारणपणे दिवाणी असतो, त्यामुळे पोलिस ठाण्यातून रक्कम वसूल होईल ही अपेक्षा ठेवू नका. वादात घरमालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर ते भाडे कायद्याच्या कलम २९चं उल्लंघन आहे.

एक चूक टाळा

‘डिपॉझिट मिळणारच नाही’ असं धरून अनेक जण शेवटचे दोन-तीन महिने भाडं भरत नाहीत. लेखी संमतीशिवाय तसं केलं, तर थकबाकीदार तुम्ही ठरता आणि बाजू कमकुवत होते.

खरी तयारी घरात शिरतानाच करावी लागते. सामान लावण्याआधी प्रत्येक भिंत, नळ, स्विच आणि वीजमीटरचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. डिपॉझिट रोख देऊ नका, द्यावंच लागलं तर पावती घ्या. निघताना पुन्हा तसाच व्हिडिओ, शेवटचं वीजबिल भरल्याची पावती आणि चावी दिल्याचा एक संदेश. पाच मिनिटांचं काम आहे. टेम्पो तेवढा वेळ थांबतो.