दुबार पेरणी आणि देवाची मर्जी

मृगाचा पाऊस पडतो, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात सरकी मातीत जाते आणि कधी कधी आभाळ त्यानंतर ढुंकूनही पाहत नाही. मग दुबार पेरणी. पहिल्या बियाण्याची उधारी कृषी केंद्राच्या वहीत तशीच असते, तिच्यावर दुसरी चढते. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यात नवस बोलणारा, विठ्ठलाला साकडे घालणारा आणि रविवारी उपासनेला जाणारा, या तिघांच्याही तोंडी तेव्हा एकच असते: देवाची मर्जी.

त्याने धीर येतो, हे खरे. पण दुसऱ्याचे तोंड बंद करायलाही हेच दोन शब्द वापरले जातात, आणि ख्रिस्ती मंडळ्या त्याला अपवाद नाहीत. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला देवाची मर्जी म्हणायचे, तर तोंडाला फडके बांधून केलेली फवारणी, औषधांची भलतीच मिश्रणे आणि उशिरा जागी झालेली यंत्रणा, सगळ्यांचीच निर्दोष सुटका होते.

या जिल्ह्यात ख्रिस्ती श्रद्धा काही कालची नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचे काम इथे एकोणिसाव्या शतकापासून आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळातच सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. तीस वर्षे इथे पाळक घडले. तेव्हा देवाची मर्जी मानणे, त्याचे आज्ञापालन करणे म्हणजे काय, हा प्रश्न इथल्या मंडळीने स्वतःला विचारायलाच हवा. उत्तर शोधताना पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करावी.

1870च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघांची मरणे पाहिली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता ही विधवा निमूटपणे आपले ऐकेल, असे तिथल्या धर्मभगिनींना वाटले असावे. रमाबाई मात्र त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवरून त्यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. देवाची आज्ञा पाळायची, पण देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाची पाळायची नाही, हा भेद त्यांना स्पष्ट दिसत होता. आजही पुष्कळांना तो दिसत नाही.

मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर त्यांच्या आसऱ्यासाठी मुक्ती मिशन उभे राहिले. पैसा कुठून येणार, याचा हिशेब बऱ्याचदा प्रार्थनेवर सोडलेला असे. पण विहिरी खणणे, शेती करणे, मुलींना हातकाम शिकवणे यांत ढिलाई नव्हती. प्लेगच्या काळात पुण्यातल्या रुग्णालयाच्या कारभारावर त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. देवावर भरवसा आहे म्हणून गप्प बसावे, असे त्यांना वाटले नाही.

दुःखाने त्यांचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. ऐकू येईनासे झाले. काम हाती घेईल अशी ज्या मनोरमेकडून आशा होती, ती जुलै 1921 मध्ये वारली. बायबलच्या मराठी भाषांतरात रमाबाई अखेरपर्यंत गुंतलेल्या होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मुलगी का गेली, याचे उत्तर त्यांना मिळाल्याचे कुठे दिसत नाही.

उत्तरे देण्याची घाई नेहमी दुसऱ्यांनाच असते. बायबलमधल्या संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले. त्यांनी केलेले तेवढेच एक चांगले काम. पुढे तोंड उघडून ते त्याची पापे शोधू लागले. गोष्टीच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. तरीही, विश्वास कमी पडला म्हणून संकट आले, असे सांगणारे भोंदू प्रार्थनासभांत आजही भेटतात. कर्ज, आजार, नापिकी, सगळ्यांवर त्यांचे निदान एकच, आणि वर दानपेटी पुढे.

ईयोबासारखे दुःख इथल्या घरांतही येते. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या कुटुंबाला सरकारी एक लाख रुपये मिळतात, तेही समितीने प्रकरण पात्र ठरवले तर. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचे, कागद अर्धवट, आणि मागे राहिलेल्या बाईने तहसील कार्यालयाची पायरी पूर्वी कधी चढलेली नसते. आर्णी परिसरातल्या मंडळ्यांनी अशा घरी जावे, ते घर कोणत्याही धर्माचे असो. पहिल्या दिवशी नुसते बसावे, काही समजावू नये. मग सोमवारी, कार्यालय उघडले की, तिच्यासोबत कागद घेऊन रांगेत उभे राहावे.