दुष्काळाचा पैसा अफगाण युद्धात

१/ १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनेत लाखो माणसे मेली. पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून लिटनच्या सरकारने १८७८मध्ये व्यापारी-कारागिरांवर परवाना-कर बसवला. पगारदार अधिकारी त्यातून मुक्त राहिले. वर्षाला दीड कोटी रुपये दुष्काळासाठीच राखण्याचे वचन होते.

२/ त्याच नोव्हेंबरात अफगाणिस्तानवर स्वारी झाली. १८७९मध्ये ती तरतूद स्थगित झाली. कर मात्र चालूच राहिला.

३/ ‘संकटकाळी सैन्याचा खर्च टाळता येत नाही’, हा बचाव येथे टिकत नाही. दुष्काळ रयतेवर कोसळला होता. युद्ध सरकारने स्वतः ओढवून घेतले होते.

४/ कर कोणत्या नावाने घेतला, एवढ्यावर समाधान मानू नये. तो कशावर खर्चला, याचा हिशेब दरवर्षी मागावा.